वकिलांना देवदूत करू नका, प्लीज

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अपंगांच्या हक्कांसाठी कोर्टकचेरी करणाऱ्या एका संस्थेवर तुम्ही पानभर लेख दिलात. फोटो झकास आलेत, मजकूर मनापासून लिहिलाय हेही कळतं, पण हेडिंगमध्ये तिथल्या सगळ्या माणसांना 'देवदूत' म्हटलंय आणि तिथेच माझं घोडं अडलं, चार दिवस झाले ते काही पुढे सरकेना, म्हणून हे पत्र. लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो. मी हाताने लिहू शकत नाही, फोनला बोलून टाइप करतो, त्यामुळे वाक्यं बोलल्यासारखी लांबत जातात आणि फोन मधूनच 'अशील'चं 'अश्लील' करतो, तेवढं छापायच्या आधी बघून घ्या.

आता देवदूत शब्दात एवढं वाईट काय, असं माझी बायकोही म्हणाली. तर बघा, आम्हाला आधीच दिव्यांग करून टाकलंय, त्यात तुम्ही आमच्या वकिलांना देवदूत केलंत, म्हणजे अशील दिव्य, वकील देवाघरचा, पृथ्वीवर उरले फक्त जज आणि स्टेनो. गंमत सोडा, पण देवदूताला पगार लागत नाही, आजारपणाची रजा लागत नाही, त्याला कोणी अनुभव आणि शिक्षण विचारत नाही, त्याची चूक काढायची तर सोयच नाही. आणि तो जे देतो ना, ती कृपा असते. कृपा मिळाली नाही तर कोणाकडे तक्रार करणार? हक्क नाकारला तर तक्रार करता येते, लेखी उत्तर मागता येतं, वर अपील करता येतं. ही माणसं दिवसभर नेमकं हेच लोकांना सांगत असतात आणि आपण त्यांचंच कौतुक करताना नेमका उलटा शब्द वापरतो.

मी हे बाहेरून बोलत नाहीये. अशाच एका संस्थेत मी आधी अशील म्हणून गेलो आणि नंतर तीन वर्षं तिथेच फोनवर बसलो. तुमच्या फोटोतल्या एकाला तर चांगलाच ओळखतो, त्याचं शेवटी सांगतो.

मला रायटर्स क्रॅम्प आहे. हात दिसायला धडधाकट, बॅग उचलतो, कुलूप उघडतो, पण पेन धरलं की बोटं आपोआप आवळत जातात आणि दोन ओळींत मनगट असं वळतं की अक्षराचं पार भेंडोळं होतं. एका नोकरीच्या परीक्षेला मी लेखनिक मागितला तर सेंटरवरचे साहेब म्हणाले, सर्टिफिकेटवर चाळीस टक्के अपंगत्व नाही, लेखनिक मिळणार नाही, आणि तसंही तुमचा हात तर चांगला दिसतोय. मी पेपर अर्धवट टाकून बाहेर आलो. घरी येऊन एवढा संतापलो होतो की कोणालातरी कोर्टात खेचायचंच असं ठरवून मी त्या संस्थेच्या वकील मॅडमसमोर जाऊन बसलो आणि पंधरा मिनिटं नॉनस्टॉप बोललो. वाटलं, आता त्या हळहळतील. त्यांनी विचारलं, "तारीख कुठली होती?" मी सांगितली. "लेखनिक हवाय हे लेखी मागितलं होतं का?" नाही. "नकार लेखी घेतला का?" नाही. "मग आपल्याकडे काय आहे?" मी गप्प. खरं सांगू, तेव्हा त्या बाईंचा रागच आला होता. दगडासारख्या बसल्या होत्या समोर. आणि मग त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि म्हणाल्या, चला, पुढची परीक्षा कधी आहे, आज ईमेल करू.

त्या ईमेलला त्यांनी एक निकाल जोडला. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी, सुप्रीम कोर्ट, 11 फेब्रुवारी 2021. त्या मुलालाही रायटर्स क्रॅम्पच होता, त्यालाही लेखनिक नाकारलेला, आणि कोर्टाने स्पष्ट सांगितलं की चाळीस टक्क्यांची अट ही आरक्षणासारख्या काही ठराविक गोष्टींसाठी आहे, लेखनिक देण्यासाठी ती लावता येणार नाही, प्रत्येकाची गरज बघून सोय करून द्यावी लागेल. याला कायद्याच्या भाषेत रिझनेबल अकॉमोडेशन म्हणतात, म्हणजे समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता त्या माणसापुरता करून दिलेला रास्त बदल. मॅडमनी निकालातले तीन परिच्छेद पिवळे करून पाठवले. आठ दिवसांनी उत्तर आलं, लेखनिक मंजूर. कोर्ट नाही, काळा कोट नाही, पेपरात बातमी नाही. मला तर जरा निराशाच झाली होती, म्हटलं एवढ्यात संपलं? नंतर तिथे काम करताना कळलं की यांचं बरंचसं यश हे असंच असतं, कोणाला दिसतच नाही.

तुमच्या लेखात सगळे फोटो वकिलांचे आहेत. वकील हवेतच, पण हापिसात घुसल्यावर पहिली भेटते ती इनटेकला, म्हणजे आलेल्याची हकीकत पहिल्यांदा ऐकून घ्यायला बसलेली व्यक्ती, आणि केस उभी राहणार की आडवी होणार ते निम्मं तिथेच ठरतं. मला ट्रेनिंग देणाऱ्या ताईंनी पहिल्या दिवशी सांगितलेलं, पहिली दहा मिनिटं मध्ये बोलायचं नाही. फोन करणारा माणूस आधीच सतरा ठिकाणी फिरून आलेला असतो आणि प्रत्येकाने त्याला मध्येच तोडलेलं असतं. तो चार वर्षांपूर्वीच्या अपमानापासून सुरू करतो, मध्ये सासरचं येतं, मध्ये मोठ्या भावाचं येतं, आणि कुठेतरी विसाव्या मिनिटाला तो सहज बोलून जातो की "मग त्यांनी मला एक कागद दिला सही करायला." तो कागद! तिथे थांबवायचं आणि विचारायचं, कागद आहे का अजून तुमच्याकडे, फोटो काढून पाठवाल का. नोकरीवरून काढलेल्या किती लोकांनी स्वतःच राजीनामा लिहून दिलेला असतो, न वाचता, कारण वाचून दाखवणारं कोणी नव्हतं.

दुसरी गोष्ट ताईंनी शिकवली ती मला अंगवळणी पडायला वर्ष गेलं. फोन कोणाचा आहे आणि केस कोणाची आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक काका नेमाने फोन करायचे, मुलगी चोवीस-पंचवीसची, बौद्धिक अपंगत्व, बँकेने तिचं खातं एकटीच्या नावावर उघडायला नकार दिलेला. काका सज्जन, अभ्यास करून बोलणारे, सगळे कागद क्रमाने लावलेले. मला वाटलं अशी माणसं असली की आमचं काम किती सोपं. ताई म्हणाल्या, तू मुलीशी बोललास? मी म्हटलं, तिला काय सांगता येणार, बाबा सगळं सांगतायत ना. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि काकांना म्हणाल्या, "काका, राग मानू नका, पण जरा फोन तिला द्याल का?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग मुलगी आली. ताईंनी तिला छोटे छोटे प्रश्न विचारले, घाई केली नाही, उत्तर यायला अर्धा मिनिट लागला तर अर्धा मिनिट थांबल्या. मुलगी एका वर्कशॉपमध्ये काम करत होती, तिला स्वतःचे पैसे स्वतःच्या खात्यात हवे होते हे तर खरंच, पण तिला अजून एक गोष्ट हवी होती जी बाबांनी आम्हाला कधी सांगितलीच नव्हती, कारण त्यांना ती माहीतच नव्हती. एटीएमचं कार्ड तिच्याच पर्समध्ये राहायला हवं होतं. बस. एवढंच.

ही काही ताईंची हौस नाही हो, हा कायदा आहे. संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार 13 डिसेंबर 2006 ला मंजूर झाला, भारताने तो 2007 मध्ये स्वीकारला, त्याचं बारावं कलम म्हणतं की अपंग माणसालाही कायद्यासमोर इतरांइतकीच मान्यता आहे, निर्णय घ्यायला मदत लागत असेल तर मदत द्या, निर्णय काढून घेऊ नका. आपल्या 2016 च्या अपंग हक्क कायद्यातही पूर्ण पालकत्वाच्या जागी मर्यादित पालकत्व आलं, ठराविक निर्णयापुरतं, ठराविक मुदतीपुरतं आणि तेही त्या व्यक्तीशी बोलून. कागदावर हे एका ओळीत बसतं. प्रत्यक्षात मात्र फोनवर एका प्रेमळ बापाला 'जरा बाजूला व्हा' म्हणायचं असतं आणि बाप दुखावला तरी चालेल अशी तयारी ठेवावी लागते. देवदूत लोकांना दुखावत नाहीत बहुतेक. वकिलांना दुखवावं लागतं, कारण त्यांचा अशील कोण हे त्यांना विसरून चालत नाही.

आता टेपवाल्यांबद्दल. आमच्याकडे एक आर्किटेक्ट होता, तो कोर्टात कधीच उभा राहिला नाही, पण अर्ध्या केसेस त्याच्या पाठीवर उभ्या होत्या. खिशात टेप, बॅगेत स्पिरिट लेव्हल, मोबाइलमध्ये कोन मोजायचं ॲप. एका सरकारी इमारतीत त्याच्याबरोबर गेलो होतो. तीन पायऱ्या, सहा-सहा इंचांच्या, बाजूला नवा कोरा रॅम्प, त्यावर उद्घाटनाची पाटी. त्याने टेप लावली आणि हसायलाच लागला. दीड फूट उंची चढायला एकास बाराच्या, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबीच्या उताराने अठरा फूट लांब रॅम्प लागतो, तिथे होता पाच फुटांचा. ही घसरगुंडी आहे म्हणाला, वरून सोडली तर खुर्ची थेट पार्किंगमध्ये. आतमध्ये अपंगांचं टॉयलेट होतं, कुलूप लावलेलं. किल्ली शोधायला वीस मिनिटं गेली, उघडलं तर आत जुन्या फायली, तुटलेल्या खुर्च्या आणि भिंतीच्या धरायच्या दांडीवर वाळत घातलेलं फरशी पुसायचं फडकं. त्याने प्रत्येक गोष्टीचा फोटो काढला, प्रत्येक फोटोत टेप दिसेल असा, मागच्या भिंतीवरचा मजला क्रमांक दिसेल असा. मला म्हणाला, कोर्टात "रॅम्प फार उभा आहे" म्हटलं की समोरचा वकील म्हणतो हे तुमचं मत झालं. आकडा सांगितला की त्याला आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं.

हे असं खोली खोली मोजणं किती वर्षं चालतं त्याचं एक उदाहरण देतो, कारण तुमच्या लेखात 'झटपट न्याय मिळवून दिला' असं एक वाक्य आहे. राजीव रतुरी हे स्वतः दृष्टिहीन, त्यांनी सार्वजनिक जागा अपंगांना वापरता याव्यात म्हणून सुप्रीम कोर्टात याचिका केली ती 2005 मध्ये. निकाल लागला डिसेंबर 2017 मध्ये. त्यानंतर अंमलबजावणी होतेय का हे बघत बघत 8 नोव्हेंबर 2024 ला कोर्टाने अजून एक मोठा आदेश दिला, की कायदा म्हणतो सुगम्यता, म्हणजे अपंगांना वापरता येईल अशी सोय, सक्तीची आणि सरकारचा नियम क्रमांक 15 मात्र ती नुसती शिफारस असल्यासारखी ठेवतो, हे चालणार नाही, किमान काही मानकं सक्तीची करा, तीन महिन्यांत. 2005 ते 2024. एकोणीस वर्षं. तेव्हा जन्मलेलं मूल तोवर कॉलेजात गेलं असेल. या काळात वकील बदलतात, सरकारं बदलतात, कायदा तर आख्खा बदलला, 1995 चा जाऊन 2016 चा आला, सात प्रकारच्या अपंगत्वाचे एकवीस झाले. मग अशी केस जिवंत कोण ठेवतं? ऑफिसात कुठेतरी एक माणूस असतो जो तारखांची वही ठेवतो, कुठल्या राज्याने प्रतिज्ञापत्र दिलं नाही ते लक्षात ठेवतो, जुने फोटो नव्या फोटोंशेजारी लावतो. त्याचा फोटो कोणी काढत नाही. मी तरी कधी कुठल्या पुरवणीत बघितला नाही.

आणि पैशाचं बोलायचं तर (बोललंच पाहिजे) एकोणीस वर्षं चालणाऱ्या केसला एक किंवा दोन वर्षांचा प्रोजेक्ट फंड पुरत नाही. जनजागृती कार्यशाळेला देणगी मिळते, कारण तिचे फोटो येतात, बॅनर असतं. फायली सांभाळणाऱ्याच्या पगाराला कोण देणगी देणार? माझ्या डोळ्यांदेखत चांगली चांगली माणसं दोन-तीन वर्षांत सोडून गेली, मीही गेलोच की. पगार उशिरा झाला की कोणीतरी म्हणायचंच, "आपण काय पैशासाठी करतो का हे." हे वाक्य देवदूत शब्दाचंच पोरगं आहे.

दुभाष्यांबद्दल तर वेगळं पत्र लिहावं लागेल. सांकेतिक भाषेचा दुभाषी म्हणजे हात हलवणारा मदतनीस, असं अजून बऱ्याच जणांना वाटतं. पोलीस ठाण्यात किंवा ऑफिसात कर्णबधिर माणूस गेला की म्हणतात, घरचं कोणीतरी घेऊन या. अहो पण तक्रारच घरच्यांविरुद्ध असेल तर? बाईच्या बाबतीत तर किती वेळा तसंच असतं. प्रोफेशनल दुभाषी जे बोललं गेलं ते सगळं सांगतो, शिवी दिली असेल तर शिवीही सांगतो, स्वतःच्या मनाने गाळत नाही, आणि बाहेर जाऊन कोणाला काही बोलत नाही. काम इतकं डोकं पिळणारं की लांब सुनावणीला दोघं लागतात, आलटून पालटून. सप्टेंबर 2023 मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी सुप्रीम कोर्टात दुभाष्यामार्फत बाजू मांडली. ऑनलाइन सुनावणी होती, सुरुवातीला दुभाष्याला स्क्रीनवर दिसू द्यायचं की नाही यावरूनच खळखळ झाली, मग सरन्यायाधीशांनी परवानगी दिली. सगळीकडे बातमी आली, व्हायलाच हवी होती. पण बघा, दुभाषी दिसला नाही तर कर्णबधिर वकिलासाठी कोर्ट बंदच, दाराला कुलूप लावण्याची गरजच नाही.

बाय द वे, या संस्थांमध्ये काम करणारे बरेच जण स्वतः अपंग असतात, हेही लेखात निसटलंय, किंवा आलंय ते 'अपंगत्वावर मात करून' या छापील वाक्यात. एस. के. रुंगटा दृष्टिहीन आहेत, सुप्रीम कोर्टातले सीनियर वकील आहेत, नोकरीतलं आरक्षण कसं मोजायचं यावरचा 2013 चा महत्त्वाचा निकाल त्यांनी लढून मिळवलाय. तिकडे अमेरिकेत हाबेन गिर्मा, बहिरी आणि अंध दोन्ही, 2013 मध्ये हार्वर्डमधून कायदा शिकली, मग एका अपंग हक्क संस्थेत वकील झाली आणि पुस्तकं वाचायच्या एका मोठ्या वेबसाइटवर अंधांना काहीच वाचता येत नाही म्हणून झालेल्या केसच्या टीममध्ये होती, ते प्रकरण शेवटी 2015 मध्ये समझोत्याने मिटलं, वेबसाइट सुधारायची कबुली घेऊनच. अमर जैन हे दृष्टिहीन वकील मोबाइलवरच्या केवायसीसाठी, म्हणजे बँकेच्या ओळख तपासणीसाठी, सुप्रीम कोर्टात गेले, कारण कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा, सेल्फी काढा असं म्हणणारं ॲप अंध माणसाला आणि ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या बाईला बँकेच्या बाहेरच ठेवतं. 30 एप्रिल 2025 ला निकाल लागला, वीस निर्देश दिले कोर्टाने. यात कोणी कशावर मात केलेली नाही. अपंगत्व जागच्या जागी आहे. बदललं ते समोरचं ॲप, किंवा बदलायला तरी लागलंय.

कौतुकापेक्षा हातात कायद्याचा अधिकार असणं किती कामाचं, तेही बघा की. अमेरिकेत 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या विलोब्रुक नावाच्या सरकारी संस्थेत मतिमंद म्हणून ठेवलेल्या मुलांची अवस्था टीव्हीवर दाखवली गेली, लोक हादरले, आणि 1975 मध्ये त्यांनी कायदाच केला की प्रत्येक राज्यात अपंगांच्या हक्कांची राखण करणारी एक स्वतंत्र यंत्रणा हवी. आज तिथे अशा 57 आहेत. त्यांच्या माणसाला संस्थेत घुसून राहणाऱ्यांशी बोलायचा आणि ठराविक परिस्थितीत रेकॉर्ड मागायचा कायद्याने अधिकार आहे. समाजसेवकाला 'साहेब नाहीयेत, उद्या या' असं सांगता येतं, हातात कायद्याचं कलम असलेल्या माणसाला सांगताना दहादा विचार करावा लागतो. मी स्वतः एका निवासी संस्थेच्या गेटवर सव्वा तास उभा होतो, वॉचमनशी गप्पा मारत, आम्हाला फोन केलेली मुलगी आत वाट बघत होती. त्या दिवशी कौतुकाचं सर्टिफिकेट खिशात असतं तरी उपयोग नव्हता.

आपल्याकडे अपंग कल्याण आयुक्त आहेत, त्यांना दिवाणी कोर्टाचे काही अधिकार आहेत, समन्स काढणं, कागद मागवणं वगैरे, आणि त्यांनी केलेली शिफारस मानायची नसेल तर त्या खात्याला तीन महिन्यांत कारण कळवावं लागतं. किती वाचकांना हे माहितेय? तुमच्या लेखात आयुक्तांचा उल्लेख एकदाच आला, कार्यक्रमाला उपस्थित मान्यवर म्हणून.

आता एकतर्फी बोलल्यासारखं नको म्हणून सांगतो, या संस्थांचं सगळं गोड आहे असं नाही. इनटेकला बसून मी जेवढ्यांना हो म्हटलं त्याच्या कितीतरी पट जास्त लोकांना नाही म्हटलंय. माणसं कमी, मग कुठली केस घ्यायची ते ठरवताना बघितलं जायचं की हिच्यातून मोठा निकाल येईल का, शंभर जणांना फायदा होईल का. ते बरोबरच आहे, पण ज्याला नाही म्हटलं त्याला ते शंभर जण दिसत नसतात. आणि मोठ्या निकालाच्या केसमध्ये कधी कधी मूळ माणूस मागे पडतो, केस त्याच्या नावाची पण त्यालाच तीन महिने कोणी फोन केलेला नसतो. पत्रव्यवहार सगळा इंग्रजीत, ऑर्डर आली की व्हॉट्सॲपवर चाळीस पानांची पीडीएफ टाकायची आणि खाली 'काँग्रॅट्स' लिहायचं, हे मी बघितलंय आणि केलंय पण. गावाकडून फोन आला की आमची पंचाईत ठरलेली, तिकडे उभा राहणारा वकील मिळायचा नाही. या गोष्टी लिहिल्या पाहिजेत, त्यांना बरं वाटणार नाही तरी लिहिल्या पाहिजेत. पण देवदूतांवर असं कोण लिहिणार?

म्हणून विनंती एवढीच की पुढच्या वेळी या विषयावर बातमी करताना वकिलाचं पद लिहा, कायदा कुठला, कलम कुठलं, आदेश कुठल्या तारखेचा ते लिहा. कोर्टाने 'दिलासा दिला' असं लिहिण्यापेक्षा काय करायला सांगितलं आणि किती मुदतीत ते लिहा. एखादा वाचक तेवढं कात्रण कापून त्याच्या ऑफिसच्या साहेबांपुढे ठेवेल. माझ्या मॅडमनी तेच तर केलं होतं, तीन पिवळे परिच्छेद.

आता त्या फोटोतल्या माणसाबद्दल. डावीकडून दुसरा, निळा शर्ट. तो पूर्ण दृष्टिहीन आहे, माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, इतक्या स्पीडने ऐकायचा की आम्हाला नुसती मधमाशी भुणभुणल्यासारखी वाटायची. रविवारी सकाळी त्याचा मला फोन आला, सगळे अभिनंदन करतायत, पण लेखात आहे काय? त्याने तुमचा ई-पेपर उघडला होता, आणि तिथे पान म्हणजे अख्खंच्या अख्खं चित्र, स्क्रीन रीडरला त्यात एक अक्षर सापडेना. स्वतःवरचा लेख तो वाचू शकला नाही. मग मी फोनवरून त्याला वाचून दाखवला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. देवदूत आलं तेव्हा मला वाटलं हसेल किंवा चिडेल. तो म्हणाला, "पान नंबर काय? तारीख लिहून ठेव. आणि संपादकांचा मेल आयडी काढ, आधी लेखी मागू."

तर हे लेखी मागतोय. तो लेख टेक्स्टमध्ये मिळेल का, आणि ई-पेपर स्क्रीन रीडरला वाचता येईल असा कधीपर्यंत करणार, ते कृपया कळवावे.

आपला,
एक जुना वाचक

ता. क. 'अशील' सगळीकडे नीट आलंय ना, एकदा बघा.